रिटर्न कोणाच्या हाती द्यावं?

चिंचवडहून एका ताईंनी विचारलं आहे: "मी एका कारखान्यात नोकरी करते. गेली चार वर्षं आमच्या ऑफिसात येणारा एक जण सगळ्यांची रिटर्न भरून देतो आणि रिफंडच्या दहा टक्के घेतो. यंदा दोन-तीन सहकाऱ्यांना नोटिसा आल्या. त्यात नोव्हेंबर २०२५ मध्ये मी आणि माझ्या भावाने सातारा जिल्ह्यातला वडिलांचा बिनशेती प्लॉट ५० लाखांना विकला. वडिलांनी तो १९८४ मध्ये ८० हजारांना घेतला होता. ते २०१६ मध्ये गेले. भाऊ दुबईला असतो. खरेदीदाराने दोघांच्याही रकमेतून एक टक्का कर कापला. आता सीए शोधू, करसल्लागार पाहू, की वेबसाइटवर स्वतःच भरू? चांगला माणूस ओळखायचा कसा?"

ताई, मी सीए आहे. सुरुवात साताऱ्यात केली, आता पुण्यात असतो. या कामात चोवीस वर्षं झाली. माणूस कसा ओळखायचा हे सांगतोच, पण आधी त्या दहा टक्केवाल्याबद्दल बोलतो, कारण तिथे तुम्हाला घाई करायची आहे.

रिफंड म्हणजे तुमच्याच पगारातून जास्तीचा कापला गेलेला कर. तो किती परत येणार हे तुमचं उत्पन्न आणि तुमच्या खऱ्या गुंतवणुकी ठरवतात. एकाच्या हातून आठ हजार आणि दुसऱ्याच्या हातून साठ हजार रिफंड येत असेल, तर मधले बावन्न हजार कुठून आले हे त्याच क्षणी विचारायला हवं. टक्केवारीवर काम करणाऱ्याचा फायदा रिफंड फुगवण्यात असतो, आणि फुगवण्याचे मार्ग ठरलेले आहेत: न दिलेलं घरभाडं, न दिलेल्या देणग्या, न घेतलेलं शैक्षणिक कर्ज, नसलेल्या आजारावरचा खर्च. राजकीय पक्षाला देणगी दिल्याचं दाखवून ८०जीजीसी कलमाखाली वजावट घेणं हा त्यातला सगळ्यात फोफावलेला प्रकार. सीएंच्या व्यावसायिक आचारसंहितेत अशा टक्केवारीच्या फीला मनाई आहे. करकामाची फी रिफंडवर किंवा निकालावर अवलंबून ठेवता येत नाही. त्यामुळे समोरचा "मी सीए आहे" म्हणत असेल आणि रिफंडचा हिस्सा मागत असेल, तर या दोनपैकी एक गोष्ट तरी बरोबर नाही.

१४ जुलै २०२५ रोजी आयकर विभागाने देशभर अशाच रिटर्न भरणाऱ्यांवर आणि मध्यस्थांवर मोठी कारवाई केली. ज्या राज्यांत पुरावे मिळाले, त्यांत महाराष्ट्राचं नाव होतं. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी आपली रिटर्न दुरुस्त करून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतल्याचं विभागाने तेव्हा सांगितलं. त्याच निवेदनातला एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटला. हे लोक ढीगभर रिटर्न भरण्यापुरते तात्पुरते ई-मेल पत्ते उघडत आणि नंतर सोडून देत. विभागाच्या नोटिसा त्या बेवारस पत्त्यांवर जाऊन पडत आणि करदात्याला पत्ताच नसे. तुमच्या सहकाऱ्यांना नोटिसा मिळाल्या. तुम्हाला आली नाही म्हणजे निघालीच नाही, असं धरून बसू नका.

हिशोब करून पाहा. समजा तुमच्या नावावर एक लाखाची खोटी देणगी दाखवली आणि तुम्ही तीस टक्क्यांच्या टप्प्यात आहात. उपकर धरून कर वाचला ३१,२०० रुपये. भरणाऱ्याने घेतले ३,१२०. पुढे ती वजावट खोटी ठरली तर ते ३१,२०० परत करायचे, वर व्याज, आणि उत्पन्नाची चुकीची माहिती दिल्याबद्दल २७०ए कलमाखाली त्या कराच्या दुप्पट, म्हणजे साधारण ६२,४०० रुपये दंड. हे सगळं तुमच्या पॅनवर. "भरणाऱ्याने केलं, मला माहीत नव्हतं" ही सबब विभागापुढे फारशी चालत नाही, कारण रिटर्नखालचं प्रतिज्ञापन तुमच्या नावाने असतं. ती सही आपण केव्हा केली, हे बऱ्याच जणांना आठवतही नाही. जुलैच्या शेवटी भरणाऱ्याचा फोन येतो, "ताई, आधारचा ओटीपी आलाय तो सांगा." तुम्ही सहा आकडे वाचून दाखवता. ती तुमची सही. आकडे पाहिल्याशिवाय तो ओटीपी कोणालाही सांगू नका, मलासुद्धा.

म्हणून आज रात्री एक काम करा. आयकराच्या पोर्टलवर स्वतः लॉगिन करा. पासवर्ड तुमच्याकडे नसेल तर आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी घेऊन नवा लावता येतो. आत गेल्यावर प्रोफाइलमध्ये मोबाइल आणि ई-मेल कोणाचा आहे ते बघा. दुसऱ्याचा असेल तर लगेच बदला, आणि शक्य असेल तर दुसरा पर्याय म्हणून घरच्याच कोणाचा तरी द्या. मग 'ई-प्रोसीडिंग्ज' उघडून काही प्रलंबित आहे का पाहा. शेवटी मागच्या चारही वर्षांची भरलेली रिटर्न उतरवून घ्या आणि वजावटींचं पान वाचा. प्रत्येक आकड्यासमोर "याची पावती माझ्याकडे आहे का?" एवढंच विचारा.

पावत्या नसलेले आकडे सापडले, तर नवा माणूस निवडताना तो या जुन्या वर्षांबद्दल काय म्हणतो, यावर तुमचा अर्धा निर्णय होऊन जाईल. "बघू, नोटीस आली तर बघू" म्हणणाऱ्याकडे थांबू नका. कायद्यात अद्ययावत विवरणपत्र भरायची सोय आहे. २०२५ च्या वित्त कायद्याने तिची मुदत संबंधित मूल्यांकन वर्ष (उत्पन्नाच्या आर्थिक वर्षानंतरचं वर्ष) संपल्यापासून ४८ महिन्यांपर्यंत वाढवली. कर आणि व्याजावर, किती उशीर झाला त्याप्रमाणे २५ ते ७० टक्के जादा भरावे लागतात. पैसे जातात, पण दुप्पट दंडाच्या मानाने खूप कमी. छाननीची नोटीस हातात पडली की मात्र प्रकरण फार अवघड होतं. हे सगळं समजावून सांगून, वर्षावार हिशोब काढून देणारा माणूस तुम्हाला हवा.

ई-मेलच्या बाबतीतला एक अनुभव सांगतो. कराडकडचे एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे आले होते. सातव्या वेतन आयोगाच्या फरकाची रक्कम त्यांना एकाच वर्षात मिळाली होती. मागच्या वर्षांचा पगार एकदम हातात आला की कर जास्त बसू नये म्हणून कलम ८९ ची सवलत मिळते, पण त्यासाठी रिटर्नच्या आधी फॉर्म १०ई भरावा लागतो. त्यांचं रिटर्न गावातल्या एका नेट कॅफेत भरलं होतं. सवलतीचा आकडा टाकला होता, १०ई भरलाच नव्हता. बंगळुरूच्या प्रक्रिया केंद्राने सवलत नाकारली आणि करमागणी काढली. ती सूचना कॅफेवाल्याच्या ई-मेलवर गेली. पुढची दोन वर्षं सरांचा रिफंड त्या मागणीत वळता होत राहिला आणि सर समजत होते की सरकार रिफंड द्यायला उशीर करतंय. पंधरा मिनिटांच्या एका फॉर्मपायी इतकं झालं. ते माझ्यासमोर पासबुक धरून बसले होते, ते अजून डोळ्यांपुढे येतं. त्या दिवसापासून मी एकाही पक्षकाराच्या खात्यावर माझा ई-मेल मुख्य म्हणून लावत नाही. पोर्टलवर आपला सीए अधिकृतपणे जोडायची सोय आहे. तेवढी पुरते.

आता सीए की करसल्लागार. यात मी जास्त वेळ घालवणार नाही. रिटर्न कोणीही तयार करून देऊ शकतं, कायद्याची त्याला आडकाठी नाही. विभागापुढे तुमची बाजू मांडायला मात्र कलम २८८ प्रमाणे अधिकृत प्रतिनिधी लागतो: सीए, वकील, किंवा ठरलेली पात्रता असलेले आयकर व्यवहारी. करलेखापरीक्षण फक्त सीए करू शकतो. सीएचा सभासद क्रमांक त्यांच्या संस्थेच्या संकेतस्थळावर तपासता येतो. सीएने दिलेल्या प्रमाणपत्रावर यूडीआयएन हा अठरा आकडी-अक्षरी ओळख क्रमांक असतो, तोही कोणालाही तपासता येतो. वकिलांची सनद महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलची असते. मिरज-इचलकरंजीपासून नांदेडपर्यंत असे कितीतरी बी.कॉम. झालेले करसल्लागार मला माहीत आहेत, ज्यांचं व्यापाऱ्यांच्या रिटर्नवरचं काम एखाद्या नव्या सीएपेक्षा चोख असतं. पदवीने दार उघडतं, पण तुमच्या प्रकारचं उत्पन्न त्याच्या हाताखालून किती वेळा गेलंय, हे विचारायचं राहतंच.

एक वाक्य मात्र ऐकलंत तर तिथून उठा: "माझी आयकर ऑफिसात ओळख आहे." ऑगस्ट २०२० पासून बहुतेक छाननी चेहराविरहित पद्धतीने होते. तुमची फाइल देशातल्या कुठल्या अधिकाऱ्याकडे जाईल हे यंत्रणा ठरवते. ओळखीच्या नावाखाली पैसे मागणारा माणूस तुम्हाला घाबरवून पैसे काढतोय. तसंच, कोणी व्हॉट्सॲपवर "तुमच्या नावाने नोटीस निघालीय" म्हणून कागद पाठवला, तर त्यावर दस्तऐवज ओळख क्रमांक आहे का बघा आणि तो पोर्टलवर तपासा. ऑक्टोबर २०१९ पासून विभागाच्या पत्रव्यवहारावर तो असावा लागतो.

स्वतः भरण्याबद्दल: एकच नोकरी, फॉर्म सोळा, बँकेचं व्याज, एवढंच असेल तर कोणाचीही गरज नाही. पोर्टलवर निम्मी माहिती आधीच भरलेली येते. वार्षिक माहिती विवरणाशी, म्हणजे एआयएसशी, ताडून पाहा आणि भरा. माझ्याकडे असे लोक आले तर मी त्यांना शेजारी बसवून एकदा दाखवतो आणि पुढच्या वर्षी येऊ नका म्हणतो. तुम्हीही दरवर्षी असंच करू शकाल. यंदा नाही, कारण यंदा तुमच्याकडे प्लॉट आहे.

याच प्लॉटवर माणूस पारखता येईल. पहिल्या भेटीत जास्त काही सांगू नका, फक्त म्हणा, "वडिलोपार्जित प्लॉट विकलाय, भाऊ भागीदार आहे." मग समोरचा काय विचारतो ते ऐका.

जाणकाराचा पहिला प्रश्न असेल, जमीन शेतीची की बिनशेती? गाव कोणतं? ग्रामीण शेतजमीन भांडवली मालमत्ता धरली जात नाही, ती विकून आलेल्या पैशावर भांडवली नफ्याचा करच लागत नाही. पण ग्रामीण म्हणजे नगरपालिकेच्या हद्दीपासून लोकसंख्येप्रमाणे दोन, सहा किंवा आठ किलोमीटरच्या पलीकडे, आणि ते अंतर हवाई मोजायचं. तुमचा प्लॉट बिनशेती आहे, म्हणजे कर आहेच.

दुसरा प्रश्न: वडिलांनी कधी घेतला, आणि १ एप्रिल २००१ ची किंमत काढली आहे का? इथे लाखांचा फरक पडतो. २००१ पूर्वी घेतलेल्या जमिनीला खरेदी किमतीऐवजी १ एप्रिल २००१ ची बाजारभावाची किंमत धरता येते. मात्र त्या दिवसाचं मुद्रांक शुल्कासाठीचं मूल्य उपलब्ध असेल, तर त्याहून जास्त धरता येत नाही. म्हणजे २००१ चा रेडी रेकनर दर काढायचा आणि नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल घ्यायचा. वारसाने आलेल्या मालमत्तेत महागाई निर्देशांक, म्हणजे महागाईप्रमाणे जुनी किंमत वाढवून धरायचा आकडा, आधीच्या मालकाच्या काळापासून धरायचा, हा मुंबई उच्च न्यायालयाचा २०११ मधला निर्णय आहे. तुम्ही जेव्हा वारस झालात त्या २०१६ पासून नाही. काही जण आजही २०१६ चा निर्देशांक लावून मोकळे होतात.

समजा २००१ ची किंमत १० लाख निघाली. तुमचा अर्धा वाटा ५ लाख, विक्रीतला अर्धा २५ लाख. २३ जुलै २०२४ नंतरच्या विक्रीला दर साडेबारा टक्के आहे, निर्देशांकाशिवाय: नफा २० लाख, कर २ लाख ५० हजार. पण निवासी व्यक्तीला, जमीन त्या तारखेआधीची असेल तर, जुन्या पद्धतीने निर्देशांकासह वीस टक्क्यांनी हिशोब करून कमी असेल तेवढाच कर भरता येतो. २००१-०२ चा निर्देशांक १००, २०२५-२६ चा ३७६. पाच लाखांचे झाले १८ लाख ८० हजार. नफा ६ लाख २० हजार, कर १ लाख २४ हजार. आणि ज्याला २००१ ची गोष्टच माहीत नाही तो १९८४ चे ८० हजार धरणार: तुमच्या वाट्याचे ४० हजार, नफा २४ लाख ६० हजार, कर ३ लाख ७ हजार ५००. (उपकर तिन्हींवर वेगळा.) एकच प्लॉट, एकच खरेदीखत, आणि हिशोब करणाऱ्याच्या जाणतेपणावर १ लाख ८३ हजार ५०० रुपयांचा फरक. हा फरक पूर्ण कायदेशीर आहे, प्रत्येक रुपयामागे कागद आहे. यासाठी फी द्यायची असते.

तिसरा प्रश्न: भाऊ कुठे राहतो? हा प्रश्न न विचारणाऱ्याकडे जाऊच नका. वर सांगितलेला निर्देशांकाचा पर्याय फक्त निवासी व्यक्तीला आहे. भाऊ अनिवासी असेल तर त्याला साडेबारा टक्केच, म्हणजे २ लाख ५० हजार. एका आईबापांची दोन मुलं, सारखाच वाटा, आणि करात १ लाख २६ हजारांचा फरक. शिवाय भाऊ अनिवासी ठरला, तर त्याच्या रकमेतून खरेदीदाराने एक टक्का कापला, तो चुकला. एक टक्का निवासी विक्रेत्यासाठी आहे. अनिवासी विक्रेत्याला कलम १९५ लागतं आणि कपात बरीच जास्त असते. विक्रीआधी कमी दराच्या कपातीचं प्रमाणपत्र घेता आलं असतं. आता भावाने वेळेत रिटर्न भरून कर चुकता करणं आणि खरेदीदाराला सीएचं प्रमाणपत्र मिळवून देणं, हा मार्ग उरतो.

चौथा प्रश्न विचारणारे आणखी थोडे असतात: तुमचा पगार किती, आणि कोणत्या करपद्धतीत? "१२ लाखांपर्यंत कर नाही" हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. ती कलम ८७ए ची सूट आहे, नव्या पद्धतीत, आणि एकूण उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तरच. प्लॉटचा नफा एकूण उत्पन्नात धरला जातो. समजा तुमचं पगाराचं करपात्र उत्पन्न ११ लाख आहे. एरवी कर शून्य. यंदा प्लॉटमुळे एकूण उत्पन्न १२ लाखांच्या वर गेलं, सूट गेली, आणि पगारावरचे ५० हजारही भरायचे झाले. कंपनीने ते कापलेले नसतात, कारण तिला प्लॉटचं माहीत नसतं. वर आगाऊ कर न भरल्याचं व्याज. जो सल्लागार डिसेंबरमध्ये तुम्हाला हे सांगतो, तो त्याच्या फीपेक्षा जास्त वाचवतो.

त्यासाठी माझं कळकळीचं सांगणं आहे की व्यवहाराआधी भेटा. लोक मुलीच्या लग्नाची तारीख ज्योतिषाला विचारून ठरवतात आणि आयुष्यातला सगळ्यात मोठा जमिनीचा व्यवहार करून आठ महिन्यांनी जुलैत सीएकडे येतात. भांडवली नफ्यावरचा कर वाचवणारे कलम ५४ईसी चे रोखे विक्रीपासून सहा महिन्यांत घ्यावे लागतात. जुलैत आलेल्या माणसाला मी फक्त "हुकलं" एवढंच सांगू शकतो. नफ्यातून घर घ्यायचं ठरवलं असेल आणि रिटर्नच्या मुदतीपर्यंत पैसे गुंतले नसतील, तर ते भांडवली नफा खात्यात ठेवावे लागतात. ते साध्या बचत खात्यात किंवा मुदत ठेवीत ठेवून चालत नाही. ही चूक मी इतक्या वेळा पाहिलीय की आता पहिल्या फोनवरच विचारतो.

तुमच्यासाठी प्लॉट ही परीक्षा आहे, तशी प्रत्येकाची वेगळी असते. शेअर बाजारात फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्याने विचारावं, "माझं रिटर्न कोणत्या फॉर्ममध्ये जाईल?" उत्तर आयटीआर-३ आलं पाहिजे, कारण ते व्यवसायाचं उत्पन्न आहे. हिंजवडीतल्या ज्यांना अमेरिकी कंपनीचे शेअर मिळालेत, त्यांनी परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टाबद्दल विचारावं. तिथे माहिती आर्थिक वर्षाची नाही, कॅलेंडर वर्षाची द्यावी लागते, आणि लपवल्यास काळ्या पैशाच्या २०१५ च्या कायद्याखाली दहा लाखांचा दंड येऊ शकतो. या शेअर्सचं काम मी स्वतः करत नाही. सुरुवातीला एक फाइल घेतली होती, अर्ध्यात लक्षात आलं की आपला हात यात बसलेला नाही, आणि ती कोथरूडच्या एका सहकाऱ्याकडे सोपवली. तेव्हापासून असे पक्षकार सरळ तिकडे पाठवतो. तुमचा सल्लागार "हे माझं काम नाही, अमुक जणाकडे जा" असं कधीतरी म्हणाला, तर तो चांगला आहे असं समजा.

गोव्यातली गोष्ट तर पुण्या-मुंबईच्या अनेकांना ठाऊकच नसते. पोर्तुगीज नागरी कायद्याखाली येणाऱ्या पतिपत्नींचं पगाराखेरीजचं उत्पन्न कलम ५ए प्रमाणे दोघांत निम्मं-निम्मं विभागून दोघांच्या रिटर्नमध्ये दाखवायचं असतं, मग भाडं नवऱ्याच्या खात्यात येवो की बायकोच्या. मडगावच्या एका जोडप्याचं रिटर्न बाहेरच्या माणसाने एकाच्याच नावावर भरलं, आणि दोघांच्या कागदांचा मेळ घालायला पुढे दोन वर्षं गेली. गोव्यात राहणाऱ्यांनी शक्यतो तिथलाच सल्लागार धरावा.

आता पहिल्या भेटीचं थोडं. फी आधी विचारा, ठरावीक रक्कम ठरवा आणि बिल मागा. फीमध्ये काय काय धरलंय ते स्पष्ट करून घ्या. नुसतं रिटर्न, की नंतर १४३(१) ची, म्हणजे रिटर्नवरच्या प्राथमिक प्रक्रियेनंतरची सूचना आली तर तिला उत्तर देणंही? छाननी झाली तर तिची फी वेगळी असते, ते रास्त आहे, पण आत्ताच कळलेलं बरं. रिटर्नचं काम प्रत्यक्षात कोण करतं हेही विचारा. जुलैत काही कार्यालयांत चार-चार आर्टिकल, म्हणजे सीएचं शिकणारी, मुलं रात्रंदिवस बसलेली असतात आणि सीए साहेब शेवटी एकदा नजर टाकतात. त्यात वावगं काही नाही, पण प्लॉटचा हिशोब साहेबांनी स्वतः पाहिला पाहिजे, हे सांगून ठेवा.

तो माणूस कोणते कागद मागतो याकडे लक्ष द्या. फक्त फॉर्म सोळा मागून "बाकी मी बघतो" म्हणणारा बाकीचं स्वतःच्या मनाने भरणार. एआयएस, फॉर्म २६एएस (कापलेल्या कराचा उतारा), सगळ्या बँक खात्यांचे उतारे, दोन्ही खरेदीखतं, वारसनोंदीचा फेरफार, मूल्यांकन अहवाल, विम्याच्या पावत्या: एवढं मागून तुम्हाला दोन फेऱ्या मारायला लावणारा माणूस त्रासदायक वाटतो. तोच बरा. प्लॉटची विक्री एआयएसमध्ये दिसेलच, कारण ३० लाख आणि त्यावरच्या व्यवहारांची माहिती निबंधक कार्यालयातून विभागाकडे जाते. मूल्यांकन वर्ष २०२५-२६ पासून वजावटींसाठी पॉलिसी क्रमांक, कर्जखाते क्रमांक असे तपशीलही भरावे लागतात. ते तुम्हाला न विचारता कोणी भरत असेल, तर ते कुठून आणले हा प्रश्न उभा राहतो.

रिटर्न सादर करण्याआधी कॉम्प्युटेशनचा, म्हणजे उत्पन्न आणि कराच्या हिशोबाचा, कागद मागा आणि किमान एक दिवस घरी ठेवा. कंटाळा आला तरी चार गोष्टी वाचा: पगार फॉर्म सोळाशी जुळतो का, वजावटींत अनोळखी आकडा आहे का, कापलेला कर २६एएस इतकाच दाखवलाय का, आणि रिफंडसाठी दिलेलं बँक खातं तुमचंच आहे का. मग ओटीपी. रिटर्न सादर केल्यापासून तीस दिवसांत त्याची पडताळणी झाली पाहिजे. पोचपावती आणि भरलेलं पूर्ण रिटर्न दोन्ही ई-मेलवर मागून घ्या. नुसत्या पोचपावतीत वजावटींचा तपशील दिसत नाही. तुमच्या ऑफिसातल्या त्या माणसाने चार वर्षं फक्त पोचपावतीच दिली असणार, असं मला वाटतं.

केव्हा जायचं? मेमध्ये ओळख करून घ्या, प्लॉटचे कागद द्या. फॉर्म सोळा १५ जूनपर्यंत येतो, एआयएसही तोवर बऱ्यापैकी भरलेलं असतं. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात काम पूर्ण होऊ शकतं. तुमच्या या वर्षाच्या उत्पन्नाला १९६१ चाच कायदा लागू आहे. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला, कलमांचे क्रमांक बदलले, त्यामुळे यंदा कोणी दोन कायद्यांची सरमिसळ करून बोललं तर त्याला नीट विचारा की २०२५-२६ च्या उत्पन्नाला कोणता लागतो. क्षणात उत्तर आलं पाहिजे.

तुमच्यासाठी नाव सुचवू का असं विचाराल, तर नाही. एका अनोळखी माणसाने सुचवलेल्या दुसऱ्या अनोळखी माणसाकडे जाऊ नका. साताऱ्यातल्या नातेवाइकांत गेल्या दोन-तीन वर्षांत कोणी जमीन विकली असेल, त्यांना विचारा की रिटर्न कोणी भरलं, आणि मुख्य म्हणजे नंतर काही विचारणा आली तेव्हा त्या माणसाने फोन उचलला का. अशी दोन नावं मिळाली की दोघांनाही भेटा. प्लॉटबद्दलचे वरचे चार प्रश्न कोण आपणहून विचारतं ते पाहा.

भावाला मात्र आजच फोन करा. त्याने गेल्या आर्थिक वर्षात भारतात किती दिवस घालवले ते पासपोर्टवरून मोजायला सांगा, कारण तो अनिवासी आहे की नाही हे आधी त्यावरून ठरवावं लागेल. त्याचं रिटर्न दुसऱ्याच कोणाकडून भरून घेऊ नका. दोघांच्या रिटर्नमध्ये २००१ ची किंमत एकच असली पाहिजे, म्हणून मूल्यांककाचा एकच अहवाल, एकच सल्लागार. आणि भाऊ अनिवासी ठरला, तर त्याच्या वाट्याची कपात चुकलीय हे खरेदीदाराला तुमच्याकडूनच कळू द्या. खरेदीदाराचा पॅन खरेदीखतात सापडेल.